तूस

प्लग काढला. मशीन भिंतीपासून ओढलं.
पंधरा दिवस टिळकवाडीत ऊन नाही,
आणि दोन तास फिरूनही टॉवेल दमटच.

नळीत हात घातला कोपरापर्यंत:
राखाडी, मऊ, अजून कोमट.
शाळेचे मोजे, यांची लुंगी, माझी निळी साडी,
सगळ्यांचं थोडं थोडं झिजलेलं.

वडगावात बाबांच्या मागावर असंच उडायचं,
भुवयांवर, भाकरीवर.
रोज रात्री ते तुळयांवरून झाडायचे.
"ह्याला ठिणगी पुरते, बाय."
शेजारच्या भरमाण्णांनी झाडलं नाही
एका दिवाळीत.
त्यांच्या जागेत आता मोबाईलचं दुकान आहे.

बाहेरची झडप अडकली होती,
चिमणीनं काड्या कोंबलेल्या.
काढल्या. मशीन लावलं.

गल्लीत साबणाच्या वासाची ऊब सुटली,
आणि कुणाचं तरी भिजलेलं मांजर
तिच्याखाली येऊन बसलं.