शंभर ग्रॅममागे

शंभर ग्रॅममागे एकोणतीस ग्रॅम प्रथिनं,
कातडी काढली तर चरबी दोनच्या आसपास,
कर्बोदकं शून्य.
असे आकडे मी रोज लिहिते, दुसऱ्यांच्या माणसांसाठी,
धंतोलीतल्या दवाखान्यात, तळघरात,
जिथल्या खिडकीतून फक्त चपला दिसतात.
टर्की मात्र कधी लिहिली नव्हती.
नागपुरात कोण टर्की लिहून देतं?
मी मूग लिहिते, अंड्याचा पांढरा भाग, उकडलेली मटकी.

पप्पांनी आणला सप्टेंबरात.
अजनीच्या शेडमधून रिटायर होऊन
चार वर्षं एकाच खुर्चीत बसलेला माणूस,
उपाशीपोटी साखर दोनशे साठ, तळपायांना मुंग्या,
एका दुपारी ऑटोतून उतरला
तर काखेत गोणपाट,
गोणपाटातून बाहेर एक मान,
निळी, लाल आणि भयंकर संतापलेली.
"नाताळाले," म्हणाले. बस्स.

खलाशी लाइनच्या पोरांनी नाव ठेवलं टी. सी.,
कारण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो अडवायचा.
दोरी तोडायचा. पहाटे साडेपाचला मैदानात सुटायचा
आणि मागे पप्पा, हातात तुऱ्हाटी, पायात रेल्वेचे जुने बूट,
"अबे थांब ना बे, कायले पळून राहिला!"
आधी अर्धी फेरी, मग दम.
दिवाळीपर्यंत चार फेऱ्या,
मग पाण्याच्या टाकीपर्यंत, आणि संध्याकाळी पुन्हा.
कोमलवार काकू दुधाची पिशवी धरून बघत राहायच्या.
"कोन कोनाले फिरवून राहिलं, समजतच नाही बाई."

डिसेंबरात रूबेन पुण्याहून आला, म्हणाला, सावजी करू,
वर बोटभर तर्री.
मी म्हटलं, नाही. भाजायचा. मीठ मोजून, तेल नुसतं पुसून.
जस्त सांगितलं, सेलेनियम सांगितलं,
बी-बारा, जो पप्पांच्या रक्तात मुळातच कमी.
आणि झोप येते म्हणतात ना,
ती टर्कीनं नाही, तिसऱ्यांदा वाढून घेतलेल्या पुलावानं.
पप्पा अंगणाकडे बघत ऐकत होते.
"आन् तो चालते किती,
हे लिहिलं हाय काय तुह्या कागदावर?"

अझीमभाईच्या भट्टीतून पाव निघाले
की मागे उरते ती धग.
त्या धगीत साडेसहा किलो, पोटात संत्र्याची सालं, लसूण, मिरे.
साडेतीन तास.
पप्पा स्टुलावर बसून राहिले, कानटोपी खाली ओढून.
अझीमभाईनं दोनदा चहा दिला.
दोन्ही वेळा गार झाला.

त्यांच्या ताटात मी शंभर ग्रॅम ठेवले,
छातीचं मांस, कातडीशिवाय, काट्यावर तोलून.
प्रार्थना जरा लांबली.
मग त्यांनी खाल्लं, हळूहळू, सगळं.
"कोरडा हाय," म्हणाले.
आणि पाणी पिऊन, "पन चांगला हाय."
कातडी रूबेननं संपवली. हाडांचं सूप
टायफॉइडातून उठलेल्या पलीकडच्या मनश्शेला गेलं,
तो सांगत सुटला की मी टी. सी.ला प्यालो.

जानेवारीचा रिपोर्ट: एकशे अडतीस.
डॉक्टर मला म्हणाले, तुमचा डाएट मानवला हो.
मी मान हलवली.
कागदावर त्या रकान्यात काय लिहायचं
ते मला अजून सुचलेलं नाही.

आज साडेपाचला कडी वाजली.
पडदा सारून पाहिलं.
मैदानात धुकं, हातात तीच तुऱ्हाटी,
पप्पा भरभर चाललेले, पुढे कोणी नाही.
फक्त टाकीच्या वळणावर
त्यांनी काठी डावीकडे आडवी धरली,
जरा थांबले,
आणि जाऊ दिलं.