डावीकडे जरा

ऑइलडेलमध्ये डिसेंबरात धुकं असं बसतं
की समोरच्या घरचा दिवासुद्धा ऐकीव वाटतो.
तेलाचे पंप त्यात माना घालत असतात,
दिसत नाहीत, नुसते कुरकुरतात.

गॅरेजात बापाची बत्तीसची फोर्ड, चार ठोकळ्यांवर.
छप्पर कापून बुटकं केलेलं, बॉनेट कधीच फेकलेलं,
इंजिन उघडं, नवरदेवासारखं नटलेलं.
लोक ते बघायला वाकायचे, फोटो काढायचे,
आणि ऑर्व्हल टॅकेट, माझा बाप, बाजूला उभा,
बोटांतली काळी लपवत.
चाकाआड काय आहे, कोणी विचारलं नाही.
थांबणं बघायला कोण येतं?

ड्रम निघेना. गंजानं दात लावलेले.
कडेकडेनं ठोकत गेले, शिव्या घातल्या,
त्याच्याकडूनच शिकलेल्या,
तिसऱ्या शिवीला सुटला.

आतली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची.
ती छातीत घर करते.
त्यानं जन्मभर फुंकली.
शेवटची दोन वर्षं नाकात नळी घालून
खिडकीशी बसून गाड्या ओळखायचा, न बघता:
"शेव्ही. व्हॉल्व्ह सैल आहे मूर्खाचा."

एका वेळी एकच चाक उघडायचं,
म्हणजे घोटाळा झाला तर दुसरं साक्षीला असतं.
हेही त्याचंच.
म्हणून उजवं आधी केलं. खडूनं जमिनीवर चित्र काढलं:
आखूड अस्तराचा शू पुढे, लांब अस्तराचा मागे,
वर स्प्रिंगा, खाली दातेरी चाकी.
सिलिंडर घासला, नवे रबर बसवले,
स्प्रिंग चढवताना अंगठ्याचं सालटं गेलं.
मग डावं उघडलं.

उलटं.
लांब पुढे. आखूड मागे.
एकतीस वर्षं.

मी बादली पालथी घालून बसले.
फोन उचलला, कोणाला लावणार होते कोण जाणे.

ब्रेक दाबला की ही गाडी उजवीकडे ओढायची.
"जुन्या गाडीला खोड असतेच," म्हणायचा,
"डावीकडे जरा धरायचं."
सूर्य पूर्वेला उगवतो, तसं सांगितलेलं,
मी नऊ वर्षांची, त्याच्या मांडीवर, कॅनॉलच्या रस्त्याला.
सोळाव्या वर्षी आईच्या प्लिमथमधून परीक्षा दिली.
लाल दिव्याशी डावीकडे जरा धरलं
आणि नापास झाले.
आई म्हणायची, हा माणूस चर्चमध्येसुद्धा
डावा खांदा टाकून उभा राहतो,
जसं काही उजवीकडून कोणी ओढतंय.

शू बदलले. दुसरं काय करणार होते.

शेजारचा एफ्रेन आला, चौदा वर्षांचा;
सीटच्या टोकाला सरकला तेव्हा कुठे पाय पोचला.
तो वर, मी खाली, मधे एवढंच बोलणं:
दाब.
दाबलं.
धर.
धरलंय.
सोड.
बरणीत बुडबुडे येत राहिले, मग तुरळक,
मग एकच, बराच वेळ नळीला चिकटून राहिलेला,
मग नुसतं तेल.
"दगड झालाय पेडल!" तो वरून ओरडला.

रविवारी धुकं फाटलं तशी नदीच्या रस्त्याला काढली.
एफ्रेन शेजारी, खिडकीला दोन्ही हात.
पहिल्या थांब्याच्या पाटीशी पाय दिला
आणि गाडी पिवळी रेघ ओलांडून
थेट संत्र्यांच्या बागेच्या कुंपणाशी.
"ब्रेक गेला का?"
"ब्रेक ठीक आहे," मी म्हटलं.
हात मांडीवर घेऊन बघितले.

दुसऱ्या पाटीला मुठी सैल सोडल्या.
थांबली. ओळंब्यासारखी सरळ.
एफ्रेननं शिट्टी वाजवली.

तिसऱ्या पाटीशी मागेपुढे कोणीच नव्हतं.
तिथे मात्र
डावीकडे जरा धरलं.