बारा मिनिटं

नागपूरच्या माणसानं फोनवर सांगितलं,
बारा मिनिटं.
शिवी नको, देव नको, पुढारी नको,
आणि ते तुमचं झाडीतलं बोलणं तर अजिबात नको.
हिंदीत करा. जहाजावर सगळीकडचे लोक असतात.
मी म्हटलं, बरं.
रात्री दहाला पडदा उघडून पहाटे पाचला पाडणारा माणूस मी,
बारा मिनिटं तर माझी नुसती एन्ट्री चालते.

वडसा ते ब्रह्मपुरी, लाल गाडीत, मागच्या चाकावरची सीट.
ओठ हलतात, आवाज नाही.
शेजारच्या बाईनं कोंबडीची टोपली उचलून मांडीवर घेतली,
तिला वाटलं मी काहीतरी करणी करतोय.
गांगलवाडीला ती उतरली,
तोवर माझी साडेतीन मिनिटं झाली होती
आणि कोंबडी तेवढी माझ्याकडे बघत होती.

लाखांदूरला मंडईचा प्रयोग.
नाटक रडकं, नायिका तिसऱ्या अंकात खोकून मरते.
ती मरायच्या आधी मी जहाज घुसवलं:
तिथं म्हणे एकदा पैसे भरले की
दिवसभर बसा, कितीही जेवा!
समोर ब्लँकेटात गुंडाळलेली हजार-दीड हजार माणसं,
चूप.
मग मागून, बैलबंडीवरून, कोणीतरी:
"थे तं आमच्याकडं तेरवीले असते बापा, फुकट!"
आणि मांडव फुटला.
हशा त्याचा होता.
विंगेत येऊन मी तो माझ्या वहीत लिहून घेतला.

दोन दिवसांनी सिंदेवाहीला, पतिरामच्या सलूनमध्ये,
अर्ध्या दाढीचा साबण तोंडावर ठेवून,
तोच हिंदीत करून पाहिला.
तेरवीची तेरहवीं केली.
एक ह आत गेला आणि विनोद जागेवरच गेला.
पतिरामनं वस्तरा वर धरून विचारलं,
"काहून बे, कोन मेला?"

जहाज हलतं म्हणतात.
म्हणून धानाच्या ट्रॉलीत पोत्यांवर उभा राहतो,
हातात टॉर्च, तोच माईक.
नाल्याच्या उतारावर ट्रॅक्टरवाला पोट्टा मुद्दाम ब्रेक मारतो.
मी पडतो.
माझं सगळ्यात चांगलं काम तेच, पडणं,
आणि बारा मिनिटांत कुठंच बसत नाही.

देवकन्या उके एकोणीस वर्षं माझी बायको आहे,
स्टेजवर.
मेकअप पुसता पुसता म्हणाली,
एकटाच जातेस तिथं?
मग तुले मेल्या कोन म्हणन?
मी हसलो.
ती नव्हती हसली.
नारळाच्या तेलाची बाटली तिनं दोनदा बंद केली.

परवा वैनगंगेवर गेलो.
बुधाजी नान्हेचा डोंगा, या काठापासून त्या काठापर्यंत
त्याला बरोबर बारा मिनिटं लागतात, मी घड्याळ लावलं होतं.
उभा राहू नोको, म्हणाला.
राहिलो.
लेडीज अँड जंटलमनपासून थँक्यूपर्यंत
सगळं केलं, हिंदीत, एकही अडखळ नाही.
मधे एक ढोकरी उडाली, तेवढीच दाद.
बुधाजी वल्हं मारत राहिला.
काठ जवळ आला तेव्हा म्हणाला,
"समुद्राले पल्याडचा काठ दिसत नाही म्हनतेत."
नाही दिसत.
"मंग हासलेलं वापस कोठून येते?"

मी म्हटलं, तिथं मोठे स्पीकर असतात.
त्यानं मान हलवली, पटलं नसल्यासारखी,
आणि पायाजवळचा डालड्याचा डबा माझ्याकडे सरकवला.
"तवरी पानी काढ."
डोंग्यात घोट्याएवढं आलं होतं.
मी वाकलो, पाणी काढू लागलो,
नव्या बुटांत, टाय लावून,
एक डबा बाहेर, अर्धा पुन्हा आत,

आणि तेव्हा तो हसला.
वल्हं सोडून हसला, डोंगा आडवा झाला तरी.
कशाला, ते मला अजून कळलेलं नाही.
वहीत लिहून ठेवलंय:
पाचवं मिनिट. पाणी काढणे.
डबा कुठून आणायचा, ते विचारायचं नागपूरला.