आगाऊ पैसे दिलेले दोन शर्ट

मंगळवार मला मोकळा असतो.
खरं सांगायचं तर एवढंच कारण.
मी कधी सैन्यात नव्हतो. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली,
आणि गॅरेजात एक मोटरसायकल पडून होती,
तिला कुठे न्यावं ते कळत नव्हतं.

निरोप आदल्या रात्री येतो,
वर्लिनच्या जाड बोटांनी टंकलेला :
ऑर्विल टेश. नौदल. स्वयंपाकी. कोरिया.
नातेवाईक, आणि पुढे कोरी जागा.
सकाळी नऊला पेट्रोल पंपावर. गरम कपडे घाला.

नोव्हेंबरात नेब्रास्काचा वारा आडवा येतो,
वाटेत अडवायला झाड नाही,
नुसती कापलेल्या मक्याची खुंटं,
घाईत केलेल्या दाढीसारखी, मैलोन् मैल.
आम्ही चौदा जण. सगळ्यांत तरुण डार्ला, एकोणसाठची;
तिच्या मागच्या सीटला झेंड्याचा दांडा
सायकलच्या जुन्या ट्यूबने बांधलेला.

शवगाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "बरं झालं आलात,
उचलायला मी आणि माझा मेहुणाच आहोत."
तर पेटी आम्ही सहा जणांनी उचलली.
माणूस हलका होता.
जहाजावर तीनशे जणांचं रांधणारा माणूस
इतका हलका निघावा
याचं मला उगाच वाईट वाटलं.

मग समोरासमोर दोन रांगा. हातात झेंडे.
वाऱ्यात झेंडा धरणं म्हणजे
रस्त्यावर धावू पाहणाऱ्या पोराचं मनगट धरणं.
बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात.
कोणी बोलत नाही.
बोलणार तरी काय? त्याला अंडी कशी आवडायची
हेसुद्धा आम्हांला ठाऊक नव्हतं.

खुर्च्या आठ मांडल्या होत्या, हिरवं मखमल घातलेल्या.
आठही रिकाम्या.

बिगूल वाजवणारे आता फारसे उरले नाहीत.
आत एक यंत्र असतं, शिपाई पोरगा नुसता ओठांना लावतो.
त्या दिवशी थंडीने बॅटरी गेली,
बरोबर मध्यावर, सूर वर चढत असताना.
पोराने बिगूल ओठांवरून काढला नाही.
उरलेले सूर आम्ही मनात वाजवले,
प्रत्येकाने आपापल्या वेगाने,
म्हणून सलामीचे हात एकदम खाली आले नाहीत.

तेव्हा ती दिसली. नोरीन,
रुळांपलीकडच्या लाँड्रीची मालकीण,
व्हॅनपाशी उभी; हातातल्या हँगरला दोन शर्ट,
प्लॅस्टिकच्या आत धडपडणारे.
"मी नात्यातली नाही," ती आधीच म्हणाली.
"त्यांनी पैसे आगाऊ दिले होते.
न्यायला आलेच नाहीत.
म्हटलं, पोचवून तरी यावं."

पोराच्या हातात झेंड्याची त्रिकोणी घडी.
त्याने खुर्च्यांकडे पाहिलं, मग वर्लिनकडे.
वर्लिनने काही न बोलता
एक खुर्ची जरा पुढे ओढली.
पोरगा गुडघ्यावर बसला आणि ते वाक्य म्हणाला,
कृतज्ञ देशाच्या वतीने वगैरे,
आम्हांला पाठ असलेलं,
तिने पहिल्यांदाच ऐकलेलं.

नोरीनने शर्ट मांडीवर आडवे घेतले, त्यांवर झेंडा,
आणि विचारलं, धंद्यातली माणसं विचारतात तसं :
"हा गार पाण्यात धुवायचा का?"

कोणी हसलं नाही.
पोराने थोडा विचार केला.
"हो मॅडम. गार पाण्यात. आणि हाताने."

आमचं काम खरं तर तिथे संपतं.
पेटी खाली गेली की ज्याचा त्याचा रस्ता.
पण तिची व्हॅन फाटकातून निघाली
आणि डार्लाने गाडी सुरू केली,
मग मी, मग सगळेच.
ताशी पंचवीस मैल,
एका लाँड्रीच्या व्हॅनमागे
दोन-दोनच्या जोडीने चौदा मोटरसायकली.
गावातल्या एकुलत्या सिग्नलला मी तिच्या शेजारी आलो :
झेंडा पुढच्या सीटवर,
त्याला तिने पट्टा लावला होता.

दुकानापाशी ती उतरली, आम्हांला पाहून गोंधळली,
मग दारावरची पाटी उलटली : उघडं आहे.
वर्लिन म्हणाला, "आलोच आहोत तर..."
आणि हातमोजे काढून आत शिरला.

कुणाच्या तरी चादरी गरगरत होत्या ड्रायरमध्ये.
आम्ही पाळीपाळीने
त्याच्या गरम काचेला हात लावले.