चाळीस खुर्च्या

दर महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळचे पाच.
शिवाजीनगरच्या हॉलची किल्ली भगतमामांकडे
आणि भगतमामा चहाला गेलेले.
मी पायरीवर बसून राहते, मांडीवर
झोपलेल्या पोरासारखा जड प्रोजेक्टर.

इंजिनियरांच्या या संस्थेत नाव घातलं तेव्हा वाटलं होतं,
बायोडेटात एक ओळ वाढेल.
वाढली ती कामं:
खुर्च्या चाळीस, माइकचे सेल,
वक्त्यांना पाणी साधं, गार नको, असा निरोप,
बिनसाखरेचा एक कप, खूण म्हणून त्यावर बशी.
व्याख्यानाला येतात अकरा जण.
पाऊस असला तर सात,
त्यातले दोघे चहा झाला की उठतात.

मुजावर सरांना म्हटलं, वीसच मांडू का?
ते चष्मा पुसत राहिले.
"लोड किती येईल ते आधी ठाऊक असतं का कधी?"
आणि स्वतःच दोन दोन खुर्च्या उचलून
ओळी लावू लागले. वय वर्षं त्र्याहत्तर.

आई विचारते, याचे पैसे किती मिळतात गं?
रिक्षाचे सत्तर जातात, मी सांगते.
आई पुढे बोलत नाही.
त्या शनिवारी डब्यात एक पोळी जास्त असते.

मार्चमध्ये आमचा शाफ्ट तुटला.
भोसरीत, तिसऱ्या पाळीत, पहाटे तीनच्या सुमाराला.
सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी मालावर ढकललं,
सप्लायरचा उद्धार झाला,
मीही मान हलवली.
ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सही माझी होती.

तुकडा पेपरात गुंडाळून हॉलवर नेला.
खुर्च्या लावून झाल्यावर सरांपुढे उघडला.
त्यांनी तो खिडकीपाशी नेला, उजेडात तिरपा धरला.
"हे बघ, शिंपल्यावर असतात तशा रेषा.
हा काही एका रात्रीत गेलेला नाही.
महिनोन्‌महिने थोडं थोडं सोसत आलाय.
आणि सुरुवात इथून." नखाने दाखवलं.
"की-वेचा हा कोपरा. गोलाई कुठाय?"

गोलाई ड्रॉइंगमध्येच नव्हती.
अर्ध्या मिलिमीटरची. राहून गेली होती.

वाटलं, आता चांगलंच ऐकावं लागणार.
सर म्हणाले, "एकोणऐंशी साली माझीही राहिली होती.
क्रेनच्या पिनेला.
दाखवायला कुणी नव्हतं, मी गप्प बसलो.
अजून कधी कधी झोपेत ती पीन दिसते.
पुढच्या महिन्याचं व्याख्यान तू दे.
फळ्यावर विषय लिही: न दिलेली गोलाई."

सोमवारी आधी साहेबांना सांगितलं.
ते बराच वेळ पंख्याकडे बघत बसले,
मग म्हणाले, बारापर्यंत ड्रॉइंग सुधारून दे.
सप्लायरला फोन त्यांनीच केला.

एप्रिलचा दुसरा शनिवार.
व्याख्यात्या: शलाका वाघचौरे.
पाणी मीच भरलं, मीच प्यायले, दोनदा.
कॉलेजात तोंडी परीक्षेला माझी बोबडी वळायची.
इथे समोर चौदा माणसं,
त्यांतल्या नऊ जणांची चहातली साखर मला पाठ.
तुकडा हातोहात फिरला,
जो तो नखाने कोपरा चाचपत होता.
चाकणचे एक गृहस्थ उभे राहिले,
"आमच्याकडेही अस्संच..." म्हणाले,
आणि पुढची वीस मिनिटं
माझं व्याख्यान त्यांनीच दिलं.

हॉल रिकामा झाल्यावर
डिप्लोमाचा एक पोरगा रेंगाळला, हडपसरचा.
"ताई, मेंबर झालं की काय मिळतं?"
बरंच काही ओठांवर आलं होतं.
म्हटलं, ते टोक धर.
चार चारची चळत कर,
पाचवी घसरते.