एक बोट उन्हाचं

तीन दिवसांत तलाव दोन बोटं उतरला.
शीतल म्हणाला, अप्पा, ऊन आहे, उडून जातंय.
छत्तीस वर्षं मी कालव्यावर पाणी मोजलं,
उडालेलं कुठलं आणि मुरलेलं कुठलं
हे आता माझा मुलगा मला सांगणार.

पायरीवर बादली ठेवली, तलावाच्याच पाण्यानं भरून.
खिळ्यानं एक ओरखडा बादलीत, एक टाइलवर.
चौथ्या दिवशी बादली एक बोट खाली, तलाव दोन.
म्हणजे एक बोट उन्हाचं.
आणि एक बोट
ह्या बुधगावच्या काळ्या रानाचं,
जे वैशाखात मनगट जाईल एवढं फाटतं
आणि आषाढात फुगून भिंतीला खांदा लावतं.
वर ज्वारी आहे की निळ्या टाइला,
त्याला काय त्याचं.

मोटार बंद ठेवली. पाणी उतरत उतरत
जिथं थांबलं, त्याच्या बोटभर वर भेग सापडली,
काठाच्या दगडाखाली, बायकांच्या भांगाएवढी सरळ.

मिरजेहून दस्तगीर आला, स्कूटरला दोन डबे बांधून.
आल्या आल्या छिन्नी घेतली
आणि काठ नि अंगण यांमधली फट
होती त्याहून दुप्पट केली.
मला राहवेना. "बुजवायला आलास का उकरायला?"
"काका, मागल्या गवंड्यानं ह्यात सिमिट भरलंय.
सिमिट हलत न्हाई. जमीन हलती.
मग कुणीतरी फुटणारच की."

तारेचा ब्रश. फुंकणी. दोन दिवस नुसतं वाळवण.
ऋजुता काठावर पाय मुडपून बसलेली,
तिला फटीत एक गोगलगाय सापडली, तिचं नाव ठेवलं,
ते मी विसरलो.

तिसऱ्या दिवशी फटीच्या तळाशी
त्यानं फोमची दोरी दाबत नेली, करंगळीएवढी जाड,
आणि मग तिच्यावर पिचकारीनं काळं रबर.
"दोरी कशाला रे?"
"रबर खाली चिकटू ने म्हणून.
दोन बाजू धरायच्या, तळ सोडायचा.
तिन्ही ठिकाणी धरलं की ताण पडला की फाटतंय."
साबणाच्या पाण्यात बोट बुडवून
त्यानं ते एका दमात गुळगुळीत ओढलं,
बारा फूट, श्वास न सोडता.

घरी आम्ही तिघं. मुलगा, सून, मी.
मी काही बोललो नाही.
चहा मात्र त्या दिवसापासून माझ्या खोलीत घेतो.

सुमती होती तेव्हा पाणी दुहेरी कापडातून गाळायची
आणि कापडावर उरलेले जीव
कळशीनं हळू परत विहिरीत सोडायची,
ज्या विहिरीचे त्या विहिरीत.
हा तलाव तिनं पाहिला नाही.
पाहिला असता तर पहिलं हेच विचारलं असतं,
ह्याचे जीव कुठं सोडायचे?
आणि शीतलला उत्तर आलं नसतं.

संध्याकाळी दस्तगीर डबे बांधून गेला.
जाताना कुंपणाकडे बघून म्हणाला,
"सीताफळ बरं हिरवं हाय हो तुमचं, ह्या दिवसांत."
मग दोघंही गप्प झालो.

तिनंच लावलेलं. गेली दोन वर्षं
मी त्याला घोटभर पाणी घातलं नव्हतं.

कालव्यावरही असंच असायचं.
फुटक्या चारीखाली कुणाची तरी वाफाभर कोथिंबीर.
वरिष्ठांना पाठवायच्या तक्त्यात
गळती, एवढाच रकाना.
कोथिंबिरीला रकाना नव्हता.
भेग बुजवायचा आदेश मीच काढायचो,
आणि पुढच्या फेरीला त्या बाजूनं जायचो नाही.

बादली अजून पायरीवर आहे.
आठवडाभर उन्हात राहून तिच्यातलं औषध उडालं असेल.
रबर वाळलं का म्हणून अंगठा दाबून पाहिला,
दबलं, आणि परत वर आलं.

बादली उचलली. जड आहे अजून.
गुडघा दोनदा बोलला वाटेत.
आळं करायला खुरपं आणलं नाही, हातानंच केलं.
आधी वरवरची ढेकळं भिजली,
मग मातीनं तोंड उघडलं.