पडताळणी व मुद्रांकन

बोटीवरून उतरताना कार्ड टेकवलं,
यंत्र टुण् म्हणालं.
साडेचारला शिडी उचलणार, हे तीनदा बजावून झालेलं.
वन्सं उतरल्याच नाहीत. म्हणाल्या,
पडक्या भिंती आपल्याकडे थोड्या आहेत का?
आणि बुफेकडे वळल्या.

जाफरची टॅक्सी. त्याची हिंदी सिनेमाची,
माझी सरकारी परिपत्रकाची;
मधल्या फटीतून बहारीन दिसत राहिलं,
भराव घातलेली जमीन, काचेचे मनोरे,
एकाएकी खजुरीची राई,
आणि मग ते मातीच्या रंगाचं टेकाड.

वर पोर्तुगीजांचा किल्ला, त्याच्याखाली दुसऱ्या कुणाचा,
त्याखाली गाव, गावाखाली गाव,
रेकॉर्ड रूममध्ये गठ्ठ्यावर गठ्ठा पडावा तसं.
तळाशी चार हजार वर्षं,
आवक नोंदलेली, जावक नाही.
ऊन टाळूवर. समुद्र इतका उथळ
की दूरवर एक माणूस त्यात चालत होता, पोटरीपर्यंत.

एका जमिनीखाली, पाटी सांगते,
मातीची वाडगी सापडली. प्रत्येकात वेटोळ्यातला साप,
जवळ एखादा मणी, एखादा मोती.
कुणी पुरले, कुणासाठी, ते पाटीला ठाऊक नाही.
मी उगाच चप्पल काढली.
खडा टोचला, पुन्हा घातली.

संग्रहालयात गारवा. काचेमागे
चौकोनी दगड, बोराएवढा एक,
त्याच्या दुप्पट, त्याच्या दुप्पट.
पाटी वाचायच्या आधीच हात पुढे गेला.
वजनं.
सिंधूकाठचं माप, गलबतातून इथवर आलेलं.

एकतीस वर्षं मी वजनंमापं तपासली.
लातूर, बार्शी, मधे दोन वर्षं मुखेड.
पारड्याखाली चिकटवलेली चिंच,
पोखरून लाखेनं भरलेला किलो,
'बाई, लेकराची शपथ' म्हणणारा कांदेवाला.
वजनाच्या बुडाशी शिशाचा ठिपका,
त्यावर हातोडीनं माझा ठसा, साल आणि तिमाही.
इथे ठसा नव्हता. कडा मात्र अशा घासलेल्या
की घासणारा कुणाला तरी भीत असणार.
किंवा लाजत असेल, कोण जाणे.
काच नसती तर उलटं करून बघितलं असतं.

मग भूक.
मुहर्रकच्या गल्लीत उम्म सलमान, चार टेबलं, एक पंखा.
पुढ्यात शेवया आल्या.
केशर, वेलदोडा, गुलाबपाणी, साखर,
आणि वर अंड्याचं पोळं.
मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे,
दुकानात शिरलेल्या इन्स्पेक्टरकडे बघतात तसं.
खाल्लं.
मीठ आणि साखर एकाच घासात होती, भांडत नव्हती.
दुसरी बशी मागवायला अरबी लागली नाही.

शेजारी हलव्याचं दुकान, तांबडा, थरथरता हलवा.
'अर्धा किलो.' काटा इलेक्ट्रॉनिक.
सवयीनं आधी शून्य बघितलं. शून्य होतं.
आकडा पाचशेवर थांबला.
म्हाताऱ्यानं डबा काट्यावरून उतरवला
आणि मग, उतरवल्यावर, चमचाभर वर टाकला.
काटा ते बघत नव्हता.
आमच्या नमुन्यात 'तूट' असा रकाना होता.
दुसरा कुठला आठवत नाही.

चार अठ्ठावीस. टुण्.
वन्सं आरामखुर्चीत, पाय वर.
'काय बघितलंस एवढं?'
म्हटलं, वजनं.
त्यांनी झाकण काढलं, बोट बुडवलं, थांबल्या.
'यात अंडं नाही ना गं?'
नाही म्हटलं.
शेवयांचं बोलले नाही.